घोड्यावरून रणगाड्यावर : ‘पूना हॉर्स’ची दोनशे वर्षे

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते एकत्र येतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जाणारा, दुसरा सिन्नर-संगमनेरवरून पुण्याला पोचणारा. उड्डाणपुलाखालच्या त्या गर्दीतून देवळालीच्या तोफखान्याची हिरवी वाहने अधूनमधून जातात आणि आम्हा नाशिककरांना त्यांचे फारसे अप्रूप वाटत नाही. लष्कर म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर प्रथम तोफ उभी राहते. रणगाड्याचा विचार आला की आम्ही अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे बोट दाखवतो. परंतु भारतीय सैन्यातील एका नामांकित रणगाडा-रेजिमेंटच्या कथेचे एक टोक आग्रा रस्त्याच्या बाजूला एका खेड्यात आहे आणि दुसरे टोक पुणे रस्त्याच्या शेवटी आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ती रेजिमेंट म्हणजे ‘सतरावी हॉर्स’, अर्थात ‘पूना हॉर्स’.

तिच्या नावात पुणे आहे, पण तिच्या आजच्या जवानांत मराठी बोलणारा क्वचितच आढळेल. तिचा जन्म पुण्याच्या गादीविरुद्ध झाला, आणि स्वतंत्र भारतात तिने दोन परमवीर चक्रे मिळवली. असा हा रिसाला आपला म्हणावा की परक्यांचा? हा प्रश्न मनाशी धरून आम्ही तिच्या दोनशे वर्षांकडे पाहणार आहोत. युद्धाचे गोडवे गाणे हा या लेखाचा हेतू नाही. एकच नाव धारण करणार्‍या माणसांची निष्ठा काळाच्या ओघात कोणाकोणाकडे वळली, हे समजून घेणे हा आहे.

पेशव्यांचा महसूल, कंपनीचे घोडे

आरंभ करावा लागतो तो त्र्यंबकजी डेंगळे यांच्यापासून. दुसर्‍या बाजीरावाचा हा विश्वासू कारभारी मूळचा निमगाव जाळीचा. जुलै १८१५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला आणि त्याचा ठपका इंग्रजांनी त्र्यंबकजींवर ठेवला. पेशव्यांना आपला माणूस इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. सप्टेंबर १८१६ मध्ये ते तेथून निसटले आणि पुन्हा माणसे जमवू लागले. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन याने या सुटकेचे निमित्त करून पेशव्यांवर दडपण आणले. त्यातून १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला.

या तहाने पेशव्यांना ५००० घोडेस्वार व ३००० पायदळ यांच्या खर्चासाठी ३४ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यावा लागला. फौज कंपनीच्या हुकमतीखाली, तिचा पगार मात्र पेशव्यांच्या महसुलातून, असा हा व्यवहार होता. त्याच फौजेचा भाग म्हणून जुलै १८१७ मध्ये ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ उभी राहिली. म्हणजे त्र्यंबकजी ठाण्याच्या तुरुंगातून पळाले नसते, तर हा रिसाला निदान त्या वर्षी तरी जन्माला आला नसता.

पुढे घटना झपाट्याने घडल्या. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, बाजीरावाने पुणे सोडले आणि १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे पेशव्यांची सेना आणि कॅप्टन स्टाँटनची तुकडी समोरासमोर आली. स्टाँटनजवळ मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा आणि लेफ्टनंट स्वॉन्स्टनच्या हाताखालचे पूना ऑक्झिलरी हॉर्सचे सुमारे ३०० स्वार होते. दिवसभर गावाच्या गल्लीबोळांत हातघाई झाली. स्वॉन्स्टन स्वतः जखमी झाला. रात्र पडल्यावर पेशव्यांच्या सेनेने माघार घेतली.

या लढाईकडे आजचा मराठी समाज एकाच नजरेने पाहत नाही, आणि तसे पाहणे शक्यही नाही. कंपनीच्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. ज्या राजवटीने त्यांना माणुसकीचा साधा हक्कही नाकारला, तिच्याविरुद्ध ते त्या दिवशी उभे ठाकले होते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील जयस्तंभाला भेट दिली, तेव्हापासून ती भूमी स्वाभिमानाचे प्रतीक ठरली आहे. एकाला जे राज्य बुडाल्याचे दुःख, तेच दुसर्‍याला बेडी तुटल्याचे समाधान. ‘आपले’ आणि ‘परके’ हे शब्द इतिहासाला लावताना किती सावध राहावे लागते, याचा पहिला धडा या रिसाल्याच्या पहिल्याच मोठ्या लढाईत मिळतो.

आहेरगावचा छापा

आता आग्रा रस्त्याकडे वळू. द्वारका चौकातून या रस्त्याने ओझर ओलांडून तीसेक किलोमीटर गेले की पिंपळगाव बसवंत लागते. आज द्राक्षांच्या आणि कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसरात, निफाड तालुक्यात, आहेरगाव नावाचे खेडे आहे. ३ जून १८१८ रोजी बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाई संपली. पण त्र्यंबकजी मोकळेच होते आणि नाशिकच्या आसमंतात लपून राहिले होते. ते आहेरगावात असल्याची खबर एल्फिन्स्टनला लागली. खानदेशात असलेल्या ब्रिग्जने घोडेस्वारांची एक तुकडी तिकडे धाडली. तिचा नायक होता कोरेगावचा तोच स्वॉन्स्टन, आता कॅप्टन झालेला.

स्वारांनी लांबचा पल्ला एका दमात मारून घराला वेढा घातला. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीगत नोंदवली आहे. त्र्यंबकजी त्या वेळी पलंगावर पहुडले होते. दाराशी गडबड होताच ते माळ्यावर चढून गवतात दडले, पण सापडले. त्यांची रवानगी गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात झाली. १८२४ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हीबर उत्तर हिंदुस्थानच्या दौर्‍यावर असताना त्यांनी चुनारला या कैद्याची भेट घेतली आणि आपल्या रोजनिशीत त्याबद्दल लिहून ठेवले. १८२९ मध्ये त्र्यंबकजी तेथेच वारले. आपला मुलूख त्यांना पुन्हा दिसला नाही.

ज्यांच्या पलायनामुळे हे घोडदळ उभारण्याचे निमित्त घडले, त्यांनाच शेवटी त्याच्या नायकाने पकडून नेले. आहेरगावच्या शेतांतून आज जाताना या घटनेची कोणतीही खूण नजरेत भरत नाही. परंतु पूना हॉर्सच्या कथेचे पहिले प्रकरण नाशिक जिल्ह्याच्या मातीत मिटले, ही गोष्ट आम्हा नाशिककरांनी विसरू नये.

शिलेदाराचा घोडा

मराठी सैन्यव्यवस्थेत शिलेदार आणि बारगीर असे स्वारांचे दोन वर्ग होते. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. इंग्रजांनी ही पद्धत शब्दासकट उचलली. ‘सिल्लादार’ रिसाले म्हणून जे इंग्रजी लष्करी कागदांत नोंदले गेले, ते आपल्याच शिलेदारीचे रूप होते आणि पूना हॉर्स त्यांपैकी एक होती. स्वाराने घोड्याची किंमत भरायची आणि पगारातून त्याचे दाणापाणी करायचे. घोडा मेला तर नुकसान त्याचे. पेशव्यांचे राज्य मोडणार्‍या रिसाल्याची घडण अशी मराठी धाटणीची होती.

आजच्या पूना हॉर्समध्ये आणखी एक धागा मिसळलेला आहे. १८२० मध्ये पुणे-नगर रस्त्यावरील शिरूरच्या छावणीत ‘तिसरी मुंबई लाइट कॅव्हलरी’ उभी राहिली. या दोन्ही रिसाल्यांनी १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात, खुशाब येथे, एकत्र लढाई केली. पायदळाने संगिनी रोखून रचलेला चौकोन घोडदळाने फोडावा, ही गोष्ट त्या काळीही दुर्मीळ होती. ती ८ फेब्रुवारीला खुशाबच्या मैदानावर घडली. इराणी फौजेचे एक निशाण हाती लागले. त्याच्या टोकाला चांदीचा पंजा असून, परमेश्वराचा हात सर्वांच्या हातांवर आहे अशा अर्थाची अरबी अक्षरे त्यावर कोरलेली आहेत. पूना हॉर्सने तो पंजा आपल्या निशाणावर मिरवला. पुण्याचे नाव, इराणचा पंजा, अरबी अक्षरे आणि इंग्रज धनी असा विलक्षण मेळ त्या काठीवर जमला होता.

मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लढाऊ जाती’ ठरविण्याचे खूळ इंग्रज सेनाधिकार्‍यांच्या डोक्यात शिरले आणि घोडदळाची भरती हळूहळू राजपुताना व पंजाबकडे सरकली. दख्खनी स्वार मागे पडला. मराठी जवानाने पुढे नाव काढले ते पायदळात. दुसर्‍या महायुद्धात इटलीच्या भूमीवर मराठा पलटणीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले : रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमासाठी मरणोत्तर आणि नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमासाठी. मराठी माणूस पायी चालत इटलीपर्यंत गेला, आणि पुण्याचे नाव लावलेल्या रिसाल्यात जोधपूर-रोहतकची पोरे स्वार झाली. नाव आणि माणूस यांची अशी फारकत झाली ती कायमचीच.

भाल्याचा शेवट

१९०३ च्या पुनर्रचनेत पूना हॉर्सला ३४ वा आणि शिरूरच्या रिसाल्याला ३३ वा क्रमांक मिळाला. पहिल्या महायुद्धात ३४ वी पूना हॉर्स फ्रान्सला गेली. तेथे घोड्यांना काम नव्हते. स्वार खंदकात उतरले. २४ नोव्हेंबर १९१४ रोजी फेस्टुबर्टजवळ लेफ्टनंट फ्रँक द पास याने जर्मनांनी पुढे खणत आणलेल्या चरात शिरून तेथील आडोसा उडवून दिला आणि नंतर भडिमारात उघड्यावर पडलेल्या एका जखमी सैनिकाला उचलून आणले. लगेच दुसर्‍या दिवशी तो मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो ज्यू होता.

त्याच ब्रिगेडमधील डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर भाले सरसावून घोडे पिटाळले. सुमारे दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच परिसरात जगातील पहिला रणगाडा लढाईत उतरला. काटेरी तार आणि मशीनगन यांच्यापुढे घोड्याची छाती टिकणार नव्हती. त्याच्या जागी लोखंडाचे जनावर येणे अटळ होते. तथापि हिंदुस्थानी रिसाल्यांनी घोडे सोडले ते आणखी वीसेक वर्षांनी, दुसर्‍या महायुद्धाच्या तोंडावर. तत्पूर्वी १९२१-२२ मध्ये ३३ वा आणि ३४ वा हे दोन्ही रिसाले एकत्र करून ‘सतरावी पूना हॉर्स’ हे नाव रूढ झाले. त्याच सुमारास शिलेदारीची पद्धतही बंद पडली.

घोडे गेले तरी शब्द गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटात बसणारा साधा जवान आजही ‘सवार’च म्हणवतो, दफादार आणि रिसालदार हे हुद्देही तसेच आहेत. ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. इटलीतील जुन्या घोडदळांनीही आपले ‘लान्चेरी’, म्हणजे भालेकरी, हे नाव रणगाड्यांवर चढल्यावरही टाकले नाही. फरक पडला तो मालकीत. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा होता, तो घेऊन तो नव्या धन्याकडे जाऊ शकत असे. रणगाडा कोणा एकाचा नसतो. तो चालविण्यास अनेक माणसे लागतात आणि तो विकत घेण्यास सबंध राष्ट्राचा खजिना लागतो. जुन्या भाषेत बोलायचे तर रणगाड्यावरचा प्रत्येक जण बारगीर असतो. मग त्याला घोडा देणारे सरकार कोणाचे, हा प्रश्न उरतो. १९४७ मध्ये त्याचे उत्तर बदलले.

फाळणी

फाळणीत जमीन, रेल्वे, कचेर्‍या यांच्याप्रमाणे रिसालेही वाटले गेले. रेजिमेंट ज्या देशाच्या वाट्याला आली, त्या देशाकडे न जाणार्‍या तुकड्या बदलून घेण्यात आल्या. पूना हॉर्स भारताकडे आली. तिची मुसलमान तुकडी पाकिस्तानकडे गेलेल्या तेराव्या लॅन्सर्समध्ये सामील झाली आणि तेथील एक तुकडी इकडे आली. एका भोजनगृहात जेवलेली, एकमेकांचे घोडे आणि पुढे गाड्या सांभाळलेली माणसे दोन देशांच्या दोन रिसाल्यांत वाटली गेली. निरोप घेताना त्यांपैकी किती जणांच्या मनात पुढच्या युद्धाचा विचार आला असेल?

याच काळात आणखी एक अधिकारी एका सैन्यातून दुसर्‍यात येण्याच्या वाटेवर होता. अर्देशिर बर्झोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. शाळा पुण्याची. घराणे पारशी. त्यांच्या एका पूर्वजाने शिवाजी महाराजांच्या सैन्यात चाकरी केली आणि त्याबद्दल मिळालेल्या गावांतील मुख्य गाव तारापूर, म्हणून आडनाव तारापोर, अशी कुटुंबातील परंपरा सांगते. वसईच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्याच्या किनार्‍यावरचे तारापूर आमच्या अनेक वाचकांच्या परिचयाचे असेल. तारापोर हैदराबाद संस्थानाच्या रिसाल्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी निजामाचे राज्य ताब्यात घेतले, संस्थानी सैन्य विसर्जित झाले आणि १९५१ च्या सुमारास तारापोर पूना हॉर्समध्ये दाखल झाले. कालपर्यंत निजामाचे मीठ खाल्लेला हा अधिकारी पुढे त्याच रेजिमेंटचा प्रमुख झाला.

सियालकोटची शेते

१९६५ च्या सप्टेंबरात पूना हॉर्स सियालकोट आघाडीवर होती. तिच्याजवळ ब्रिटिश बनावटीचे, सुमारे पन्नास टन वजनाचे सेंच्युरियन रणगाडे होते; समोर पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन. ११ सप्टेंबरला फिलोरा येथे झालेली लढाई ही दुसर्‍या महायुद्धानंतरच्या मोठ्या रणगाडा-लढायांत गणली जाते. उसाच्या उंच शेतांतून, धुळीच्या लोटांतून हे धूड एकमेकांना शोधत होते. लेफ्टनंट कर्नल तारापोर जखमी झाले, पण त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. फिलोरा पडले. वझीरवाली, जस्सोरान आणि बुटुर-डोग्रांडी ही ठाणी एकामागून एक लढली गेली. १६ सप्टेंबरला बुटुर-डोग्रांडीपाशी तारापोर यांना मृत्यूने गाठले. त्यांच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे ६० रणगाडे उद्ध्वस्त झाल्याचा आणि आपले ९ गमावल्याचा उल्लेख आहे. युद्धातील आकडे दोन्ही बाजूंना सहसा एक नसतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आणि ज्या चविंड्यासाठी हा खटाटोप चालला होता ते शेवटपर्यंत भारताच्या हाती आले नाही, हेही सांगितले पाहिजे. पराक्रम आणि फलित यांचे गणित रणांगणावर नेहमीच जुळते असे नाही.

तारापोर यांची एक इच्छा सहकार्‍यांना ठाऊक होती : मरण आले तर रणभूमीवरच आपल्याला अग्नी द्यावा. पारशी घराण्यातील माणसाची ही इच्छा. चितेच्या धुराच्या रोखाने शत्रूच्या तोफा गोळे टाकू शकतात हे माहीत असूनही त्यांच्या माणसांनी ती पाळली. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या रिसाल्याचा प्रमुख म्हणून, शिवशाहीशी नाते सांगणार्‍या घराण्यातला हा माणूस प्रजासत्ताक भारतासाठी मरण पावला.

बसंतर

सहा वर्षांनी, १९७१ च्या डिसेंबरात, पूना हॉर्स पुन्हा त्याच बाजूला, शकरगढ भागात होती. या वेळी तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल हणूतसिंग यांच्याकडे होते. राजस्थानातील जसोलचे हे गृहस्थ आजन्म अविवाहित राहिले. ध्यानधारणेत रमणारे म्हणून त्यांची सैन्यात ख्याती होती. लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर ते देहरादूनच्या आश्रमात राहिले आणि २०१५ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. आपल्या रेजिमेंटचा इतिहासही त्यांनी लिहून ठेवला आहे.

१५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने बसंतर नदीपलीकडे पाय रोवले. त्यांना रणगाड्यांची मदत हवी होती, आणि मध्ये सुरुंग पेरलेला पट्टा होता. सुरुंग काढून वाट मोकळी करण्याचे काम पुरे झालेले नव्हते. थांबलो तर पहाटे पलीकडची माणसे चिरडली जातील, हे ओळखून पूना हॉर्सचे रणगाडे अपुर्‍या वाटेनेच सुरुंगांतून पुढे घुसले. १६ तारखेला जरपालच्या परिसरात पाकिस्तानी चिलखती दलाने हल्ल्यामागून हल्ले चढवले. चढाई करणार्‍यांत तेरावी लॅन्सर्स होती. हीच ती रेजिमेंट, जिच्याशी १९४७ मध्ये तुकड्यांची अदलाबदल झाली होती.

येथे दुसरे नाव येते ते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे. १४ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचा जन्म पुण्यात झाला. वडील लष्करी अभियंता. कुटुंब मूळचे सरगोध्याचे, फाळणीने इकडे आलेले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांचे शिक्षण झाले आणि जून १९७१ मध्ये, म्हणजे युद्धापूर्वी अवघे सहा महिने, ते पूना हॉर्समध्ये रुजू झाले. त्यांच्या रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्टा’, सायप्रसमधील एका बंदराचे. आत चौघे : खेत्रपाल, चालक प्रयागसिंग, तोफची नथूसिंग आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा नंदसिंग. शेजारच्या स्क्वॉड्रनवरील दबाव वाढताच खेत्रपाल मदतीला धावले. मानपत्रानुसार त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यांतील चार एकट्या खेत्रपालांच्या हातून. त्यांच्या रणगाड्याला आग लागली. तो सोडून बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. आपली तोफ अजून चालते आहे, आपण रणगाडा सोडणार नाही, असे उत्तर त्यांनी दिले. पुन्हा गोळा बसला. खेत्रपाल आणि नंदसिंग गेले. प्रयागसिंग आणि नथूसिंग वाचले. त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सेनेने शरणागतीच्या कागदावर सही केली. खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते.

त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. प्रबोधिनीच्या ज्या मैदानावर दरवर्षी नवे अधिकारी संचलन करतात, त्याला आज खेत्रपालांचे नाव आहे. ‘फामागुस्टा’ची पुढे दुरुस्ती झाली आणि ती नगरच्या चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्रात जतन करण्यात आली. त्याच गावी १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा-संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे पाहायला मिळतात. नाशिकहून तेथवर जाऊन येणे एका दिवसाचे काम आहे. शाळांनी मुलांना घेऊन अवश्य जावे.

गोळा झाडणारा

रेजिमेंटचे इतिहास साधारणतः येथे थांबतात. आम्हाला पुढची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

२००१ साली अरुण खेत्रपालांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी आपले जन्मगाव सरगोधा पुन्हा पाहावे म्हणून पाकिस्तानात गेले. लाहोरात त्यांचे यजमान होते पाकिस्तानी सैन्याचे निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. घरच्या माणसांनी वृद्ध पाहुण्याचे फार अगत्य केले. अखेरच्या रात्री नासेर यांनी मन मोकळे केले. १९७१ मध्ये ते तेराव्या लॅन्सर्समध्ये मेजर होते. बसंतरच्या मैदानावर आपल्यासमोर जो तरुण अधिकारी अखेरपर्यंत ठाम उभा राहिला, तो तुमचा मुलगा होता आणि तो माझ्या हातून मेला, असे त्यांनी त्या पित्याला सांगितले. त्या शौर्याला त्यांनी मनापासून मानवंदना दिली. पित्याने हे ऐकून घेतले. तो स्वतः सैनिक होता, आणि समोरच्या माणसाने आपले कर्तव्य केले एवढे तो जाणत होता. दोघे भांडण न करता एकमेकांपासून निरोप घेऊन निघाले.

आम्ही या प्रसंगाला क्षमेचे मोठे नाव देण्याची घाई करणार नाही. मुलगा गमावलेल्या बापाच्या मनात त्या रात्री काय चालले असेल, ते त्यालाच ठाऊक. पण नासेर यांना गप्प राहता आले असते. ऐंशी ओलांडलेल्या पाहुण्याला गोड आठवणी देऊन निरोप देणे सोपे होते. त्यांनी खरे सांगणे पसंत केले, आणि ऐकणार्‍याने ते सोसले. तीस वर्षांपूर्वी दोन रिसाल्यांमध्ये जे घडले त्याच्याइतकेच हे अवघड होते, असे आम्हाला वाटते.

मग पूना हॉर्स आपली की परक्यांची? तिने कोरेगावात पेशव्यांच्या सेनेला तोंड दिले, तिच्या नायकाने आहेरगावात त्र्यंबकजींना धरले, खुशाबला इराण्यांचे निशाण हिसकले, फ्रान्समध्ये इंग्लंडच्या राजासाठी चिखल तुडवला. तिच्या कीर्तीत एका ज्यूचा, एका पारशाचा, एका निर्वासित पंजाबी कुटुंबातील मुलाचा, राजपुतान्यातील अनेक सवारांचा आणि १९४७ मध्ये सीमेपलीकडे गेलेल्या मुसलमान स्वारांचाही वाटा आहे. यांतल्या कोणाला मराठी येत होते, हे विचारून तिच्यावरचा आपला हक्क ठरणार नाही. पुण्याचे नाव तिला कंपनीने दिले. त्या नावाला आजची किंमत आली ती फिलोरा आणि जरपाल येथे मेलेल्या माणसांमुळे. त्यांनी ते नाव आपल्या स्वाधीन केले आहे. ते घेताना आहेरगावचे पान फाडून टाकू नये, आणि बसंतरचे पान वाचताना लाहोरची ती रात्र वगळू नये. त्र्यंबकजींना पकडणारा कॅप्टन, खेत्रपाल आणि खेत्रपालांवर गोळा झाडणारा मेजर हे तिघेही या एकाच इतिहासात आहेत, आणि तो पुरता वाचायचा तर तिघांचीही नावे घ्यावी लागतील.